मिठाचं भांडं

घोडबंदर रोडच्या हॉलवाल्याला चाळीस मडकी हवी होती,
ग्रीक पद्धतीची. काळी-तांबडी, दोन कानांची.
फायबरचे खांब आधीच उभे झाले होते.
मी नंबरप्लेटा रंगवणारा,
हात सरळ चालतो एवढीच माझी विद्या.
वाचनालयातून एक जाड पुस्तक आणलं
आणि खारेगावला तुळाजीमामांकडे गेलो.

मामांनी चष्मा न लावताच पानं उलटली.
चित्रांवर त्यांचं बोट थांबेना;
थांबायचं ते काठावर, कानावर, बुडाशी.
"ह्याला तीन कान कशाला?"
दोन उचलायला, म्हटलं, तिसरा ओतताना. पाण्याचं आहे.
"मग बाईनं सांगून करून घेतलंय."

"आणि ही बशी, डोळे काढलेली?"
दारूची. तोंडाला लावली की समोरच्याला
पिणाऱ्याच्या जागी मुखवटा दिसतो.
आणि दारू संपत आली
की तळातून एक चित्र वर येतं.
"म्हणजे संपवल्याशिवाय कळत नाही," मामा म्हणाले,
आणि द्वारकामामी आतच होती म्हणून
पान लगेच उलटलं.

पुढे एक उभट, पांढरं. थडग्यावर ठेवायचं, तेलाचं.
काहींच्या गळ्याखाली, आतल्या आत,
एक छोटं भांडं लपवलेलं असायचं:
वाटीभर तेलात काठोकाठ दिसावं म्हणून.
मामा इतके हसले की चाक थांबलं.
"मेलेल्याच्या मापात पण पाप!"
मग बराच वेळ नुसता गोळा मळत राहिले.
"आपल्याकडे भोकं पाडतात त्याला," म्हणाले,
"खांद्यावरून गळत जातं. सगळ्यांसमोर."

काळा रंग म्हणून काही नसतोच, असं पुस्तकात होतं.
तीच माती, सायीइतकी बारीक गाळलेली.
भट्टीला आधी वारा द्यायचा: सगळं तांबडं.
मग तोंड बंद, ओला भुसा, धूर: सगळं काळं.
मग पुन्हा वारा.
जाडी माती परत तांबडी होते,
गाळलेली मात्र काळं धरून बसते.

आणि माणूस रंगवायचा नसतो.
त्याच्या भोवतीचा अंधार रंगवायचा,
माणूस उरतो.
स्टेन्सिल कापणाऱ्याला हे शिकवावं लागत नाही.

हॉलची चाळीस ऑइलपेंटनंच उरकली.
एक माझ्यासाठी केलं, खऱ्या रीतीनं:
एक भालेवाला, गुडघा टेकून
वहाणेचा बंद बांधतोय.
कडेनं घाटातली नक्षी, पाटावरच्या रांगोळीसारखी,
वळून वळून स्वतःकडेच येणारी.

डांबराच्या पिंपात भट्टी लावली.
धूर कोंडला तसा निर्झर हाइट्सच्या सातव्या मजल्यावरून
आरडाओरडा सुरू झाला,
आणि वॉचमन बादली घेऊन पोचला.
मामा म्हणत राहिले, अरे एक मिनिट, एकच मिनिट.
त्या मिनिटात भालेवाल्याचा डावा खांदा गेला.
तिथे राखाडी डाग आहे, चपटा,
कोणी हात ठेवून उठून गेल्यासारखा.

तिकडची मडकी म्हणे स्वतःच बोलायची:
मला अमक्यानं घडवलं.
मामा, बुडाला तुमचं नाव टाकू?
त्यांनी पेरानं टिचकी मारली. खण्ण.
"बोललं की."
तरी मी टाकलंच, एमएच शून्य चारच्या वळणात,
हवालदाराला दहा पावलांवरून वाचता येईल असं:
मला तुळाजीनं घडवलं.

हॉलवाल्याचा चेक दोनदा परत आला, तिसऱ्यांदा वटला.
त्याच्या मडक्यांत कागदी गुलाब आहेत.
माझं द्वारकामामीनं मागून घेतलं,
जाडं मीठ ठेवायला.

मिठागरं गेली, आता मीठ पिशवीतून येतं,
पण माती ते ओळखत असावी.
आतून पाझरून बाहेर फुललंय,
काळ्यावर बारीक पांढरी लव.
भालेवाला कमरेपर्यंत त्यात बुडालाय,
बंद अजून बांधतोच आहे.
मामी पदरानं पुसते, सकाळी पुन्हा तेवढंच.

मामी, हे अशानं पापुद्रे सुटून जाईल, म्हटलं,
बरणी आणून देतो.
तिनं चिमूटभर डाळीत टाकलं, चव पाहिली,
झाकण लावलं.
"जाईल तेव्हा जाईल. गळत तर नाही ना?"